गिरगावास पुन्हा भेट

[एखादी नवी सोय झाली म्हणजे तिचा लाभ सर्वांच्या नजरेत भरतो, पण तिच्यासाठी कोणी काय दिले, याचे विस्मरण मात्र लवकर होते. लेखकाचे विद्यार्थिदशेतील वास्तव्य मुंबईतील गिरगावात होते. तेथे भुयारी मेट्रो सुरू झाल्यानंतर त्याने आपल्या वृद्ध मामींसह गिरगावास पुन्हा भेट दिली. त्या भेटीचे व तिने मनात उभ्या केलेल्या विचारांचे वर्णन प्रस्तुत पाठात केले आहे.]

गाव सोडून गेलेला माणूस पुष्कळ वर्षांनी परत येतो, तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न असतात. आपले गाव आपल्याला ओळखू येईल का, हा पहिला. आणि गावात आपल्याला ओळखणारे कोणी उरले असेल का, हा दुसरा. माझ्या नशिबी अशी दोन गावे आली. एक गोदावरीच्या काठचे. ते आज पाण्याखाली आहे. दुसरे मुंबईतील गिरगाव. त्याच्या पोटातून आज विजेची गाडी धावते.

माझे जन्मगाव शेवगाव तालुक्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होते. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण बांधावयाचे ठरले आणि १८ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी ते राष्ट्रास अर्पण झाले. मधल्या दहा वर्षांत शेवगाव, नेवासे, पैठण व गंगापूर या तालुक्यांतील कित्येक गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांत आमचेही गाव होते. त्या वेळी मी तेरा-चौदा वर्षांचा, म्हणजे तुमच्याहून किंचित मोठा होतो. वडिलांनी घराची सागवानी चौकट काढून बैलगाडीवर चढविली होती, आणि आई रिकाम्या घराच्या ओट्यावर शेवटचा सडा घालीत होती, हे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ज्या घरात पुन्हा कोणी पाऊल टाकणार नव्हते, त्याच्या दारात सडा कशासाठी, हा प्रश्न मी तेव्हा तिला विचारला नाही. आज तो विचारण्याची गरज उरलेली नाही.

पुढे १९७७ साली महाविद्यालयीन शिक्षणासाठी मी मुंबईस मामांकडे आलो. गिरगावात ठाकूरद्वार नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, एका अरुंद गल्लीत मामांची चाळ होती. चाळीला तीन मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने दहा खोल्या, समोर लाकडी कठड्याची लांबलचक गॅलरी आणि टोकाला सर्वांचा मिळून एक नळ. मामांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तेथवर जाण्यास बावन्न पायऱ्यांचा लाकडी जिना चढावा लागे. दीड खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. अभ्यासासाठी जागा म्हणजे रात्री सर्व निजल्यावर गॅलरीतील दिव्याखालची. तरीही जागा अपुरी आहे, असे त्या सात वर्षांत मला एकदाही वाटले नाही. कारण चाळीत एका घरी घातलेले लोणचे चार घरी पोहोचत असे, आणि एका घरातील आजारपण साऱ्या मजल्याचे आजारपण होई. १९८३ साली मामांना मध्यरात्री हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा चौघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसविले आणि त्या बावन्न पायऱ्या अलगद उतरवून खाली आणले. मामा त्यातून बरे झाले. खुर्ची उचलणाऱ्यांपैकी एकालाही कोणी बोलावण्यास गेले नव्हते.

त्या गिरगावाचा लौकिक केवळ चाळींचा नव्हता. मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव म्हणून ‘गिरिग्राम’ आणि त्यावरून ‘गिरगाव’, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. येथील केशवजी नाईक चाळीत १८९३ सालापासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होत आला आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातीलच कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांना अखेरचा निरोप दिला गेला, तो गिरगावच्या चौपाटीवर. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे घरही येथेच आहे. साहित्य संघाच्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून पाहिलेल्या नाटकांनी मला मराठी भाषेची गोडी लावली आणि पुढे मी त्याच भाषेचा शिक्षक झालो.

गिरगावास नव्या वाहनाचेही नवल नव्हते. मुंबईत १८७४ साली घोड्यांनी ओढावयाची ट्रॅम आली. १९०७ साली विजेची ट्रॅम धावू लागली. आणि ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटच्या ट्रॅमने मुंबईकरांचा निरोप घेतला. मामी १९६१ साली लग्न होऊन गिरगावात आल्या. ट्रॅम जवळून गेली की फडताळातील कपबशा किणकिणत, असे त्या सांगत. जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १८६३ साली सुरू झाली. आपल्या देशात तो मान कोलकात्यास २४ ऑक्टोबर १९८४ रोजी मिळाला. मुंबईच्या भूमीखालून गाडी धावण्यास मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. मे २०२५ मध्ये गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उरलेल्या भागाचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कफ परेडपर्यंतचा सर्व मार्ग प्रवाशांस खुला झाला. हा मार्ग सुमारे साडेतेहतीस किलोमीटर लांब आहे. त्यावरील सत्तावीस स्थानकांपैकी सव्वीस भूमीखाली आहेत, आणि त्यांतील एक गिरगावचे आहे.

असे भुयार खणतात तरी कसे, असा प्रश्न तुम्हांस पडला असेल. एका अजस्र नळकांड्याच्या तोंडाशी कठीण पोलादी दात असलेले चक्र बसविलेले असते. ते फिरत फिरत पुढचा खडक कुरतडते. सुटलेला चुरा मागे वाहून नेला जातो. आणि जितके भुयार पुढे जाईल तितक्या भागास लगेच काँक्रिटच्या कमानींचे कडे बसविले जाते. या मार्गासाठी अशी सतरा यंत्रे वापरली गेली. त्यांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे दिली होती: वैतरणा, तानसा, कृष्णा, तापी, वैनगंगा आणि आपली गोदावरीसुद्धा! वर्तमानपत्रात ते नाव वाचले, तेव्हा मी क्षणभर थबकलो. माझे एक गाव गोदावरीने पोटात घेतले होते; आता मुंबईचे पोट कोरण्याच्या कामीही तिचेच नाव आले होते.

स्थानकाचे काम भुयाराहून अवघड असते. रस्ता रुंद असेल, तर तो वरून उघडून खाली पेटीसारखे स्थानक बांधता येते. गिरगाव आणि शेजारचे काळबादेवी येथे तशी सोय नव्हती. रस्ते चिंचोळे आणि दोहों बाजूंस जुन्या इमारती दाटीवाटीने उभ्या. म्हणून मिळाली तेवढ्या जागेत उभा खड्डा खणून, तेथून आडवे, थोडे थोडे करीत खडक पोखरावे लागले. जेवढे पोखरले जाई, तेवढ्यास लोखंडी जाळी व काँक्रिटचा फवारा यांचा आधार तत्काळ द्यावा लागे. वरच्या जुन्या भिंती तसूभर तरी कलल्या का, हे पाहण्यासाठी त्यांवर यंत्रे लावून नजर ठेवावी लागे. परंतु त्या उभ्या खड्ड्यासाठी आणि प्रवाशांच्या येण्याजाण्याच्या वाटांसाठी जागा हवीच होती. त्या जागेवर गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती होत्या. त्या रिकाम्या करून पाडण्यात आल्या, आणि शेकडो कुटुंबांना आपला पत्ता बदलावा लागला. त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात, नव्या इमारतींत करण्याचे ठरले.

मामींची चाळ त्यांपैकीच एक. मामा तत्पूर्वीच वारले होते. मामी आता माहीमला एका भाड्याच्या खोलीत राहतात. गिरगावातच पुन्हा घर मिळेल, असे लिहिलेला कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत, शिधापत्रिकेच्या घडीत जपून ठेवला आहे.

२०२५ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, मी माझ्या नातीला घेऊन मुंबईस गेलो. नात सातवीत शिकते. अहिल्यानगरहून माळशेज घाटाच्या वाटेने एस. टी. ने आम्ही आलो आणि संध्याकाळी मामींच्या घरी पोहोचलो. मामींचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे. दृष्टी मंद झाली आहे, पण वाणी अजून खणखणीत आहे. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, “मेट्रो सुरू होऊन दोन महिने झाले. सगळे जाऊन आले. मलाच कोणी नेले नाही. माझ्या जागेवरून जी गाडी नेली, ती एकदा मला डोळ्यांनी पाहायची आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे शीतलादेवी स्थानकावर गेलो. सरकत्या जिन्यापाशी येताच मामी थांबल्या. “हा जिना काही माझी वाट पाहायचा नाही,” असे म्हणून त्यांनी लिफ्टचा रस्ता धरला. खाली सारे स्वच्छ, थंड आणि उजळ होते. फलाटाच्या कडेला काचेच्या भिंती होत्या आणि गाडी आली की त्यांतील दारे आपोआप उघडत होती. पुढील गाडी किती मिनिटांनी येणार, हे वरच्या पाटीवर उमटत होते. नातीने ते मोठ्याने वाचून दाखविले, “आजी, चार मिनिटे!” मामींनी मनात चार मोजले असावेत, गाडी आली तेव्हा त्यांनी समाधानाने मान डोलाविली. “बोलल्याप्रमाणे आली हो!”

गाडीत एका मुलाने उठून मामींना जागा दिली. स्थानकांची नावे पुकारली जाऊ लागली. आचार्य अत्रे चौक आला, तेव्हा नातीने अत्रे कोण, असे विचारले. नाटककार, कवी, वक्ते, पत्रकार अशी त्यांची ओळख करून देऊन मी तिला सांगितले, की मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ ही पाठ्यपुस्तकेही त्यांनी सिद्ध केली होती. पुढे मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिलेले आढळले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, तिच्या उभारणीस ज्यांनी हातभार लावला, ते हे नाना शंकरशेट. गिरगावातील आमच्या गल्लीपुढचा मोठा रस्ताही त्यांच्याच नावाचा आहे. ज्या गृहस्थाने पहिल्या आगगाडीसाठी खटपट केली, त्याच्या रस्त्याखालून पावणेदोनशे वर्षे पुरी होण्याआधी भुयारी गाडी धावावी, हा योग मला मोठा मनोहर वाटला.

ग्रँट रोड मागे पडले आणि गिरगाव आले. उतरल्यावर मामी क्षणभर फलाटावरच उभ्या राहिल्या. त्यांनी वर पाहिले. वर अर्थातच छत होते. “आपली चाळ नेमकी कुठे रे? डोक्यावर, की त्या बाजूला?” मला सांगता येईना. लिफ्टमधून वर येताना त्या नातीला म्हणाल्या, “आमच्या चाळीच्या बावन्न पायऱ्या चढायला मला अखेरअखेर पाव तास लागत असे. दर मजल्यावर बसावे लागे.” मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, “त्या रात्री मामांना खाली आणले, तेव्हा असा पाळणा असता तर!”

बाहेर आलो आणि साठ वर्षे जेथे वावरल्या, तेथेच मामी वाट चुकल्या. ओळखीची गल्ली डावीकडे हवी, ती सापडेना. ओळखीच्या इमारतीच्या जागी मोकळे आकाश दिसत होते. गिरगावात कधी एवढे आकाश दिसले नव्हते! आम्ही गोंधळून उभे असतानाच रस्त्यापलीकडून हाक आली, “अहो वहिनी! इकडे कुठे?”

पूजासाहित्याच्या छोट्या दुकानातील वृद्ध दुकानदार गल्ल्यावरून उठून येत होते. त्यांनी आम्हांस बसावयास स्टूल दिले, पाणी दिले आणि चहा सांगितला. बोलता बोलता व्यवसायाच्या गोष्टी निघाल्या. ते म्हणाले, “दारापुढे पत्रे उभे होते ती वर्षे फार कठीण गेली. धूळ आत येई, गिऱ्हाईक येत नसे. आता पत्रे गेले; माणसे जमिनीतून वर येतात आणि घाईने कामावर निघून जातात. परंतु खोटे कशाला बोलू? गिरगाव सोडून बोरिवलीला, डोंबिवलीला गेलेली आपली मंडळी सणाच्या खरेदीला पुन्हा येऊ लागली आहेत. तेवढे मात्र या गाडीने केले.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “दुकान भाड्याचे आहे. स्टेशन आले की जागेचे मोल चढते. मालकाच्या मनात काय आहे, कोण जाणे.”

त्यांचे म्हणणे मला विचार करण्याजोगे वाटले. मेट्रो आली म्हणून गिरगाव बदलले, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पूर्णतः खरे नव्हे. गिरगावातील बिऱ्हाडे मेट्रोच्या पुष्कळ आधीपासून हलू लागली होती. कुटुंबे वाढली, खोल्या वाढल्या नाहीत. भाडी वर्षानुवर्षे इतकी अल्प राहिली, की मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरविली. तुळया कुजल्या, गॅलऱ्यांना टेकू लागले. मुले शिकली, नोकरीस लागली आणि स्वतंत्र घरासाठी उपनगरांत गेली. माझ्या बरोबरीची जी मुले चाळीत होती, त्यांपैकी चाळ पाडली तेव्हा तेथे एकच कुटुंब उरले होते. तेव्हा भुयारी गाडीने गिरगाव रिकामे केले नाही; जे आधीच विरळ होत होते, त्याला तिने वेगळे वळण दिले. दूर गेलेल्यांना तिने जवळ आणले आणि जवळ राहिलेल्यांपैकी काहींना दूर पाठविले.

चहा घेऊन आम्ही चाळीच्या जागेकडे गेलो. तेथे पत्र्याचे उंच कुंपण होते आणि त्याच्या आत क्रेनची मान डुलत होती. फटीतून नातीने डोकावून पाहिले. मामींनी कुंपणाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, “येथे नळ होता. पहाटे चारला पाणी येई.” एवढेच. मला वाटले, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल; पण आले नाही.

नात म्हणाली, “आजी, गाडी तर आली. तुमचे घर कधी येणार?”

आम्ही दोघेही काही वेळ गप्प राहिलो. मग मामी म्हणाल्या, “बाळ, चाळ आज ना उद्या पडायचीच होती. ती टेकूंवर उभी होती. लाखो लोकांची सोय होते, म्हणून मी जागा सोडली. समजून सोडली, कोणी ओढून काढले म्हणून नव्हे. माझी तक्रार नाही. पण खाली फलाटावर पाटी आहे ना, चार मिनिटांत गाडी येणार म्हणून? तशी एक पाटी आमच्या घराचीही येथे लावावी. किती दिवस राहिले, एवढे दिसले म्हणजे म्हाताऱ्या माणसाला धीर येतो.”

मुलांनो, मी छत्तीस वर्षे शाळेत शिकविले. प्रश्नांची उत्तरे देण्याची मला सवय आहे. पण नातीच्या त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि मामींच्या मागणीत मला काही अवाजवी दिसेना.

परतीच्या प्रवासात मला माझ्या वडिलांची आठवण झाली. जायकवाडीचे पाणी कालव्यांनी मराठवाड्यात दूरवर गेले आणि कोरडवाहू रानांत ऊस व गहू डोलू लागले. एकदा वडील परभणीकडे गेले होते. तेथील हिरवी शेते पाहून ते परतले, तेव्हा आम्हांस वाटले, की ते खिन्न होतील. परंतु ते म्हणाले, “पाणी पोहोचले, हे बरे झाले. आपले गाव फुकट नाही गेले. फक्त त्या शेतांवर कोणाला आपल्या गावाचे नाव ठाऊक नव्हते.” आमच्या नव्या घराला त्यांनी ती जुनी सागवानी चौकटच बसविली होती. उन्हाळ्यात नाथसागराचे पाणी ओसरले की जुन्या देवळाचे दगड उघडे पडतात. वडील हयात असेपर्यंत दर उन्हाळ्यात तेथे जाऊन येत. ते दगड पाहून त्यांना काय मिळत असे, हे मला गिरगावातील त्या पत्र्याच्या कुंपणापाशी समजले.

व्यापारी आपल्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने ठेवतो. एकच रकाना लिहिणारा व्यापारी लवकरच बुडतो. गावाच्या आणि देशाच्या प्रगतीची वहीही अशीच असावयास हवी. भुयारी गाडीने किती मिनिटे वाचविली, रस्त्यावरची किती गर्दी कमी केली, वृद्धांना व अपंगांना किती सुखाने प्रवास घडविला, हे जमेच्या बाजूस अवश्य लिहावे; त्यात हात आखडता घेण्याचे कारण नाही. पण कोणी घर दिले, कोणी दुकानाची चार वर्षे दिली, कोणी शेजार दिला, हेही दुसऱ्या रकान्यात तितक्याच स्वच्छ अक्षरांत लिहिले पाहिजे. आणि ज्याला शब्द दिला, त्याचा शब्द पुरा होईपर्यंत ती वही मिटता कामा नये.

हे मुंबईचेच आहे, असे समजू नका. आपल्या अहिल्यानगरहून बीडपर्यंत नवी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावू लागली. तुमच्यापैकी कोणी त्या गाडीत बसलाच, तर खिडकीतून पाहताना एवढे ध्यानात ठेवा, की जेथे रूळ आहेत तेथे पूर्वी कोणाचे तरी शेत होते. गाडीत बसू नका, असे मी म्हणत नाही. अवश्य बसा, पण जाणीव ठेवून बसा.

परतताना गिरगावच्या फलाटावर मामींनी स्वतःच नातीला विचारले, “पाटीवर किती आले ग?” नात म्हणाली, “तीन मिनिटे, आजी.” मामी बाकावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “बस मग. तीन मिनिटे काही फार नाहीत.” गाडी वेळेवर आली. दारे उघडली. आत शिरताना मामींनी एकदा मागे वळून स्थानकाचे नाव वाचले. ते मोठ्या, ठळक अक्षरांत होते. मंद दृष्टीलाही वाचता येईल असे: गिरगाव.

शब्दार्थ

व्युत्पत्ती – शब्द कसा बनला, त्याचे मूळ
अजस्र – अतिशय मोठे, अवाढव्य
तसूभर – अगदी थोडे
फडताळ – भिंतीतील कपाट
टेकू – पडू नये म्हणून दिलेला आधार
अवाजवी – योग्य नसलेली, वाजवीपेक्षा जास्त
हात आखडता घेणे – देण्यात काटकसर करणे
हाकेच्या अंतरावर – अगदी जवळ

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला आपले जन्मगाव का सोडावे लागले?
(आ) गिरगाव येथे वरून रस्ता उघडून स्थानक बांधणे का शक्य नव्हते?
(इ) मुंबईतील शेवटची ट्रॅम कधी धावली?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) “गिरगावातील बिऱ्हाडे मेट्रोच्या पुष्कळ आधीपासून हलू लागली होती.” याची लेखकाने कोणती कारणे दिली आहेत?
(आ) दुकानदाराला मेट्रोमुळे झालेला लाभ आणि वाटणारी काळजी तुमच्या शब्दांत सांगा.
(इ) आईने रिकाम्या घरापुढे सडा का घातला असावा, असे तुम्हांस वाटते?

३. संदर्भासह स्पष्टीकरण करा.
(अ) “तशी एक पाटी आमच्या घराचीही येथे लावावी.”
(आ) “आपले गाव फुकट नाही गेले.”

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
पाठ फिरविणे, नजरेत भरणे, हातभार लावणे, धीर येणे.

५. उपक्रम : तुमच्या गावात किंवा गावाजवळ झालेले एखादे धरण, रस्ता, रेल्वे किंवा बाजारपेठ निवडा. त्या जागी पूर्वी काय होते, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. वहीच्या पानावर ‘जमा’ आणि ‘खर्च’ असे दोन रकाने आखून मिळालेली माहिती लिहा व वर्गात वाचून दाखवा.